वामनभाऊ आणि गॉगलवरची वाफ

ही हकिगत लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला दरवेळी सभ्य कारणही मिळत गेलं. आधी वामनभाऊ हयात होते म्हणून टाळलं, मग ते गेले म्हणून टाळलं, मग त्यांच्या मंडळी मागे होत्या म्हणून टाळलं. गेल्या महिन्यात त्याही गेल्या, आणि मी पाहतो तो माझ्याजवळ एकही सभ्य कारण उरलेलं नाही.

तेव्हा बटाट्यापासून सुरुवात करतो.

आमच्या बुलढाण्यात तरणतलावावर सकाळच्या बॅचला येणारी माणसं टॉवेल आणत, साबण आणत, कुणी घरून गरम पाण्याचा थर्मास आणत. वामनभाऊ इंगळे बटाटा आणत. अर्धा कापलेला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. पाण्यात उतरण्याआधी ते कट्ट्यावर मांडी घालून बसत आणि पोहण्याच्या गॉगलच्या दोन्ही काचा आतून बटाट्याने घासत. देवाच्या टाकांना गंध लावावं तितक्या निगुतीनं. मग गॉगल उजेडाकडे धरत, एक डोळा मिटत, आणि समाधान झालं तर स्वतःशीच म्हणत, "आता दिसन."

दिसत नसे. तलावाच्या मध्यावर पोचेपर्यंत काचेवर पुन्हा वाफ धरलेली असे.

बुलढाणा घाटावर आहे. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याला लोक उकाड्यानं जीव मुठीत धरून असतात तेव्हाही आमच्याकडे पहाटे अंगावर काटा येतो. म्हणजे पाणी गार, माणूस गरम आणि मधे गॉगलची काच. वाफ धरणारच. बाकीची मंडळी काच अंगठ्यानं पुसून, एखादी शिवी देऊन पुढे जात. वामनभाऊंनी मात्र ती वाफ मनावर घेतली होती. पोहता पोहता ते मधेच उभे राहत, गॉगल काढत आणि फसवलेल्या गिऱ्हाइकासारखे त्याच्याकडे पाहत. मागून येणारे त्यांच्या पाठीवर आदळत.

"भाऊ, पोहा ना! रस्त्यात काऊन उभे राह्यले?"

"दिसून नाही राह्यलं बाप्पा," वामनभाऊ म्हणत. "अन् दिसलं नाही तं ते पोहणं नाही. आंघोळ हाये."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून ते किती वेळा म्हणत हे मी मोजलं नाही, पण आमच्या बॅचमधला प्रत्येक जण ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवू शकत असे. सगळ्यात चांगलं मला जमे.

वामनभाऊ सरकारी कचेरीत कारकून म्हणून निवृत्त झाले होते. मूळ घर देऊळघाटचं. तिथे भावांचा भाजीचा मळा, त्यामुळे वाफेवरचे उपाय हंगामाप्रमाणे बदलत. बटाटा संपला की काकडी, काकडीनंतर कोरफड. एकदा कांदा झाला. कांद्याबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत.

तंबाखूचा प्रयोग मात्र मी स्वतः पाहिला.

"माहा साळा यष्टीवर डायव्हर होता, सर," ते तंबाखू चोळता चोळता मला सांगत होते. "राजूर घाटात पावसात वायपर बंद पडला का तो काचंले तंबाखू घासे. काच कशी, आरशावानी! गाडी कधी दरीत गेली नाही त्याची."

"पण भाऊ, बसची काच डोळ्यापासून हातभर लांब असते."

वामनभाऊंचा हात थांबला. "हां," ते म्हणाले, "हे मात्र इचार कराची गोष्ट हाये." पण तोवर तंबाखू घासून झाली होती, आणि झालेलं काम वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या दिवशी ते पाण्याबाहेर आले तेव्हा डोळे असे लाल होते की रखवालदारानं आदरानं बाजूला होऊन वाट दिली.

स्वतःचे हाल करून घेत तोवर ठीक होतं. पण त्यांनी इतरांच्या काचांचीही जबाबदारी घेतली होती. कुणी गॉगल कपाळावर चढवून गप्पा मारताना दिसला की ते पाण्यातून ओरडत, "डॉक्टर, उतरवा तो खाली! कपाळ गरम राहते, काच तापते!" कुणी काचेच्या आत बोट फिरवलं की त्यांना खरोखर यातना होत. "आतून बोट लावता? घरी लोणच्याच्या बरणीत उष्टा हात घालता का?" डॉक्टर बिचारे आमच्या गावातले जुने दवाखानावाले, त्यांना असं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. ते मुकाट्यानं गॉगल खाली घेत.

आणि एवढी काच स्वच्छ करून हा माणूस पाहायचा काय? पाय. वामनभाऊ पोहत फार हळू, तोंड पाण्यात घालून, एखादी हरवलेली वस्तू शोधत असल्यासारखे. पाण्याखाली दिसणारं सगळं ते टिपून घेत आणि वर आल्यावर जाहीर करत. "डॉक्टर, डाव्या टाचंले भेगा पडल्या तुमच्या. लोकाइले मलम लिहून देता ना?" "सर, तुमच्या अंगठ्याजवळचं बोट अंगठ्याहून मोठं हाये. अशा माणसाचं घरात चालते म्हणतात. चालते का?" कोपऱ्यातली कोणती फरशी फुटली, कोणाच्या चड्डीचा रंग उडाला, तळाशी कोणाची अंगठी पडली, सगळं त्यांना ठाऊक. काल डॉक्टर कोणत्या बाजूनं उतरले आणि आज कोणत्या, हेसुद्धा ते विचारून खात्री करून घेत.

आम्ही याला भोचकपणा म्हणत असू. हा शब्दही माझाच.

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. मी निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त मुख्याध्यापकाला कुठेही चार माणसं एकत्र दिसली की तो आपोआप त्यांचा प्रमुख होतो. तसा मी सकाळच्या बॅचचा प्रमुख झालो होतो. कुणी निवडलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काढताही येत नव्हतं.

अशात एका फेब्रुवारीत वामनभाऊ वडनेर भोलजीला लेकीकडे गेले आणि नातवाच्या अंघोळीचा शाम्पू घेऊन परतले. छोट्याशा औषधाच्या बाटलीत भरलेला.

"लेकराचा शाम्पू, सर. डोळ्याले झोंबत नाही. एक थेंब टाकाचा, गॉगल हालवाचा, बोट लावाचं नाही. मंग गार पाण्यात एक डुबकी, अन् तसाच डोळ्याले. पुसाचा नाही!"

त्या सकाळी ते तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाही न थांबता गेले. परत आले. पुन्हा गेले. कठड्याला धरून वर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. "दिसलं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते बाटली घेऊन कट्ट्यावर हिंडू लागले आणि ज्याच्या त्याच्या गॉगलात एकेक थेंब टाकू लागले. सगळ्यांना दिसू लागलं. मी मात्र हात आडवा धरला.

"वामनभाऊ, हा सार्वजनिक तलाव आहे. उद्या कुणी साबण आणील, परवा कुणी कपडे आणील."

"थेंबभर हाये, सर."

"प्रश्न थेंबाचा नाही, शिस्तीचा आहे."

आणि मी मॅनेजरला सांगून भिंतीवर रंगवून घेतलं: तेल, साबण, शाम्पू पाण्यात आणू नये. खरं कारण असं की उपाय त्यांना सापडला होता आणि मला सापडला नव्हता. वामनभाऊंनी ती पाटी वाचली, मान डोलावली आणि पुढे थेंब घरूनच टाकून आणू लागले. वाटेत तो वाळत असे. तरी बाटली कमरेच्या पिशवीत राहीच. कुणी डोळ्यांनी खुणावलं तर ते पाठ फिरवून, पाटीला दिसणार नाही अशा बेतानं, थेंब टाकून देत.

मी धुक्यातच पोहत होतो. एका सकाळी भिंत आली हे मला भिंतीनंच सांगितलं. कपाळावर टेंगूळ घेऊन मी बाजारात गेलो आणि लहान मुलांच्या शाम्पूची मोठ्यात मोठी बाटली घेतली.

"नातू आला का सर पुण्याहून?" दुकानदारानं विचारलं.

"येणार आहे," मी म्हणालो. नातू तेव्हा कॉलेजात होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी तलावावर गेलो. पंप अजून सुरू व्हायचा होता. तलावाच्या काठानं वाहतं पाणी पंपाकडे नेणारी नाली असते, तिच्या कडेला बसून मी काचेत एक थेंब टाकला, गॉगल हलवला, गार पाण्यात बुडवला. पद्धत मला पाठ होती, कारण तिची नक्कल मी चारचौघांत करून दाखवत असे. आणि ओल्या हातातून बाटली निसटली. झाकण उघडंच होतं. नालीतून ती बाहेर काढेपर्यंत आतलं बहुतेक सगळं पंपाच्या दिशेनं निघून गेलं होतं. मी बाटली टॉवेलात गुंडाळली, पिशवीच्या तळाशी कोंबली आणि मनाशी म्हणालो, एवढ्या पाण्यात एवढ्याशा शाम्पूनं काय होणार? मी शाळेत इतिहास शिकवत होतो. विज्ञानाला दुसरे सर होते.

मंडळी जमली, पाण्यात उतरली, पंप सुरू झाला. पाणी आत सोडणाऱ्या प्रत्येक भोकातून फेस येऊ लागला. आधी कुणाचं लक्ष नव्हतं. मग डॉक्टर दिसेनासे झाले. त्यांची लाल टोपी तेवढी फेसावर तरंगत ओरडत होती.

मॅनेजर धावत आला. "कोणं टाकलं बे हे? टँकरचं पाणी हाये हे! आता सारा तलाव उपसा लागन!"

हे किती मोठं होतं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नळ पाहुण्यासारखा यायचा. कधी येईल सांगता येत नसे आणि आला की घरभर धावपळ. अशा दिवसांत तलावभर पाणी नालीत सोडायचं म्हणजे गावाच्या शिव्या खायच्या. कोणाला तरी त्या खाव्याच लागणार होत्या.

सगळ्यांनी वामनभाऊंकडे पाहिलं. ते कट्ट्यावर बसले होते, कमरेला पिशवी, पिशवीत ती छोटी बाटली.

वामनभाऊंनी फेसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणजे माझ्या गळ्यातल्या गॉगलकडे. त्याच्या काचा त्या सकाळी लख्ख होत्या, वाफेचा मागमूस नव्हता. अख्ख्या बुलढाण्यात त्या काचा वाचू शकेल असा एकच माणूस होता आणि तो माझ्यासमोर बसला होता. मला वाटलं, संपलं.

"माह्या हातून सांडला," वामनभाऊ म्हणाले.

एवढ्याशा बाटलीतून एवढा फेस कसा, हा प्रश्न कुणाला पडला नाही. रोज थोडा थोडा साचत गेला असणार, असं शास्त्र डॉक्टरांनी मांडलं. मी मान हलवली. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण मी प्रमुख होतो, आणि भिंतीवरची पाटीही माझीच होती.

"वामनभाऊ," मी म्हणालो, "काही दिवस तुम्ही न आलेलं बरं."

"हाव, सर."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. फाटकापाशी माझ्या जवळून जाताना थांबले आणि हळूच म्हणाले, "थेंबभर लागते, सर. बाटली नाही लागत."

त्या आवाजात टोमणा असता तर मला फार बरं वाटलं असतं. ते खरोखर पद्धत समजावून सांगत होते.

तलाव उपसला. गावानं शिव्या दिल्या आणि वामनभाऊंना नाव पडलं, फेसवाले भाऊ. भाजीबाजारात पोरं मागून ओरडत, "फेसवाले भाऊ, आमची गाय धुऊन देता का?" वामनभाऊ वळून म्हणत, "आण बे, कुठी हाये?" काही दिवसांची बंदी मी उठवली नाही. उठवायची तर विषय काढावा लागला असता, आणि विषय निघाला तर कोणीतरी बाटलीचं माप काढलं असतं.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. माझ्या पोहण्यात काही राम उरला नव्हता. एका सकाळी तलावावरून निघालो तो घरी न जाता सरळ वामनभाऊंच्या घरी गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो.

दार उघडंच होतं. आत खाटेवर एक बाई बसल्या होत्या, हातानं चाचपत शेंगा सोलत. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, पण नजर माझ्या खांद्यावरून भलतीकडे गेली. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले होते. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. सगळ्यांच्या टाचांची चौकशी करणाऱ्या माणसाच्या घरची चौकशी कुणी केली नव्हती.

मी नाव सांगितलं.

"सर का? या, भाऊजी, या!" त्या एकदम खुलल्या. "अहो, पाहा कोण आलं! आत्ताच तं आले हे तलावावरून. तुमी संगंच निंगाले असान ना?"

वामनभाऊ आतल्या दारात उभे होते. केस ओले, खांद्यावर ओला टॉवेल, गळ्यात गॉगल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही खूण केली नाही, हात जोडले नाहीत. नुसतं पाहिलं.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "बरोबरच निघालो."

"गार होतं म्हणे पाणी आज."

"फार गार."

"अन् डॉक्टर आजबी गॉगल कपाळावर घेऊन बसले म्हणे!" त्या हसल्या. "त्याइच्या टाचा बऱ्या झाल्या, हे बरं झालं. मले सारं ठाऊक राह्यते, भाऊजी. तो तलाव बांधून राह्यले होते तवा मी एकदा पाह्यला, बाहेरून. आता हे रोज सांगतात. कोणती फरशी फुटली, कोण कुठून उतरलं. तुमचं तं लय सांगतात. सर माशावानी सुळ्ळकन जातात म्हणे, साऱ्याइच्या पुढं."

मी आयुष्यात कधी कुणाच्या पुढे पोहलो नव्हतो. ज्या तलावातून मी वामनभाऊंना घालवलं, त्या तलावात ते रोज सकाळी मला पहिला आणत होते.

"चहा टाकतो," वामनभाऊ म्हणाले आणि आत गेले. भांड्यांचा आवाज सुरू झाला तशा वहिनी पुढे वाकल्या. आवाज एकदम खाली आला.

"भाऊजी, एक इचारू? हे तलावावर जात नाहीत ना?"

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"पयले घरी आले का अंगाले त्या पाण्याच्या औषधाचा वास ये. खोलीभर ये. आता येत नाही. कुठं बसतात, कुठं डोकं ओलं करतात, देव जाणे. मी इचारत नाही. त्याइले वाटते मले कळत नाही, अन् मले आयकाले आवडते. चाललं हाये ते चालू द्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण झालं काय तिथं? काऊन बंद केलं त्याइले?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांना माझा चेहराही दिसत नव्हता. खरं बोलायला याहून सोपी जागा मला आयुष्यात मिळाली नसेल. दोन पिढ्यांच्या पोरांना मी बाकावर उभं करून म्हणत आलो होतो, केलं असेल तर सांगून टाक, मी काही करणार नाही.

"मला काही कल्पना नाही, वहिनी," मी म्हणालो.

"असू द्या," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

चहा प्यालो. वामनभाऊ मला पोचवायला अंगणापर्यंत आले. मी सुरुवात केली, "वामनभाऊ, त्या दिवशी..."

"हो हो, सर!" ते घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "उद्या लवकर या! पाणी चांगलं राह्यते सकाळी!" आणि माझा दंड धरून मला फाटकाबाहेर काढलं. दार लावताना हळूच म्हणाले, "तिचे कान लय तिखट हायेत, सर. लय बरं केलं तुमी."

मी बरं केलं होतं!

त्यानंतर त्यांना गाठणं काही अवघड नव्हतं. ते कुठे बसतात ते मला पुढे एकदा दिसलंही. बागेच्या मागच्या नळाखाली वाकून ते डोकं भिजवत होते. मग गॉगल धुतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि गळ्यात घातला. तिथे ऐकणारं कुणीही नव्हतं. मी स्कूटर वळवली.

वामनभाऊ एका हिवाळ्यात झोपेत गेले. मी सांत्वनाला गेलो, माणसं बरीच होती, तसाच परतलो. वहिनींना लेकीनं वडनेरला नेलं. तलावावर आजही नव्या माणसाला फेसवाल्या भाऊंची गोष्ट रंगवून सांगतात आणि सगळे हसतात. मीही पुष्कळदा हसलो आहे. ती गोष्ट खोटी आहे. तो शाम्पू माझा होता. हे आता लिहून ठेवतो आहे, कारण गावात ते नाव अजून चालतं आणि ते माझं आहे.

वामनभाऊ, बाटली माझ्या हातून पडली. तुम्हाला ते माहीत होतं, हेही मला माहीत होतं. वहिनी, तुम्ही विचारलंत तेव्हा मला सगळी कल्पना होती. मला माफ करा.